श्रेय देवाला, पण कोणत्या वाक्यात? लीनतेवरील एका मननवहीचे परीक्षण

ख्रिस्ती जीवनातील लीनता आणि प्रत्येक यशाचे श्रेय देवाला देण्याची सवय, एवढा एकच विषय घेऊन तयार केलेली सहा आठवड्यांची एक मननवही आमच्या अभ्यासगटाने पूर्ण केली. वैयक्तिक मननासाठीही मी तीच वापरली. वहीची मांडणी सरळ आहे. डाव्या पानावर शास्त्रभागाचा संदर्भ आणि त्यावरचे अर्ध्या पानाचे मनन, उजव्या पानावर एक प्रश्न आणि उत्तरासाठी मोकळ्या ओळी, आठवड्याच्या शेवटी गटचर्चेचे एक पान, आणि सर्वांत शेवटी स्वतःची साक्ष लिहून काढण्यासाठी राखलेली काही पाने. विषय जुना आहे आणि त्यावर बोलणे सोपे वाटते. नेमकी तीच या वहीची कसोटी आहे, कारण लीनतेवर लिहिणाऱ्याच्या हातून गुळगुळीत उपदेश होण्याचा धोका इतर कोणत्याही विषयापेक्षा अधिक असतो.

वहीवर संकलकांची नावे नाहीत. प्रस्तावनेत त्याचे कारण दिले आहे की गौरव केवळ देवाचे असावे. हेतू आदराने स्वीकारावा असाच आहे. मात्र निनावी राहणे म्हणजे लीन असणे, असा जो सूर त्या परिच्छेदात लागतो तो मला पटला नाही. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (1685–1750) आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी 'केवळ देवाला गौरव' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहीत असे, आणि त्याने आपले नाव कधी लपवले नाही. नाव आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या करारातील पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने प्रत्येक पत्राच्या आरंभी स्वतःचे नाव घातले आहे, कारण लिहिलेल्या शब्दांची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. या वहीतील काही मननांबद्दल मला संकलकांना प्रश्न विचारायचे होते, आणि ते कोणाला विचारावेत हे वहीवरून कळत नाही.

पहिला आठवडा वहीतला सर्वांत सकस भाग आहे. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना बजावतो की, भरल्या घरात राहू लागल्यावर ही संपत्ती माझ्या बळाने आणि माझ्या हाताच्या सामर्थ्याने मिळाली असे मनात म्हणू नका, कारण संपत्ती मिळवण्याचे बळही परमेश्वरच देतो. वहीतील मनन या वचनातील एका बारकाव्यावर थांबते: इथे मनुष्याच्या कष्टांचा इन्कार केलेला नाही. बळ वापरले गेले, हात चालले, पीक आले; प्रश्न एवढाच की ते बळ आले कोठून. त्यानंतरच्या पानावर पौलाचा करिंथ शहरातील मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, विचारलेला प्रश्न येतो, की तुझ्याजवळ असे काय आहे जे तुला मिळालेले नाही, आणि मिळालेले असेल तर ते न मिळाल्यासारखा अभिमान का बाळगतोस. तिसऱ्या पानावर दाविदाची मंदिरासाठीच्या दानाच्या वेळची प्रार्थना आहे. प्रचंड सोने-रुपे अर्पण केल्यावर राजा म्हणतो की सर्व काही तुझ्यापासूनच येते आणि तुझ्याच हातचे आम्ही तुला दिले आहे. ही तीन वचने या क्रमाने ठेवण्यात संकलकांची जाण दिसते. कमाई, गुण आणि दान या तिन्ही ठिकाणी माणूस स्वतःला मालक समजू लागतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याला कारभारी असल्याची आठवण करून दिली जाते.

याच आठवड्यात ऑगस्टीन आणि पेलागियस या पाचव्या शतकाच्या आरंभीच्या दोन ख्रिस्ती शिक्षकांमधील वादाचा थोडक्यात उल्लेख आहे. देवाने जे आज्ञापिले ते पाळण्याची शक्तीही त्यानेच द्यावी, ही ऑगस्टीनची प्रार्थना पेलागियसला खटकली, कारण तिने माणसाच्या प्रयत्नाला काही किंमतच उरत नाही असे त्याला वाटले. पुढे इ.स. 529 मध्ये आजच्या फ्रान्समधील ओरांज येथील चर्चपरिषदेने विश्वासाचा आरंभदेखील कृपेनेच होतो असे ठरवले. वही हे सारे एका परिच्छेदात आणि पारिभाषिक शब्दांचा भडिमार न करता सांगते, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. श्रेयाचा प्रश्न हा शिष्टाचाराचा नसून तारणाच्या शिकवणीच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे, हे वाचकाला इथेच उमगते. मी विश्वास ठेवला, मी निवड केली, मी टिकून राहिलो, या वाक्यांतील 'मी' किती जड ठेवायचा, हे ठरल्याशिवाय पुढच्या कोणत्याही पानाला अर्थ नाही.

दुसरा आठवडा राजांचा आहे आणि तो बराचसा अपेक्षित वाटेने जातो. आपल्या बळाने बाबेल उभारली असे म्हणता म्हणताच बुद्धी गमावणारा नबुखद्नेस्सर, लोक देवाचा आवाज म्हणून जयघोष करीत असताना गौरव देवाला परत न केल्याने मरण पावलेला हेरोद अग्रिप्पा, आणि राजा नसूनही त्यांच्या पंक्तीत आलेला, लढाईसाठी बत्तीस हजारांतून तीनशेच माणसे शिल्लक राहिलेला सेनानायक गिदोन, हे सारे प्रवचनांतून अनेकदा ऐकलेले आहेत. हेरोदाच्या मृत्यूचे वर्णन योसेफस या यहुदी इतिहासकारानेही केले आहे. झगमगणारा रुपेरी पोशाख आणि लोकांची खुशामत हे तपशील तिथे येतात, आणि वहीने ते दिले असते तर पानाला थोडी धार आली असती. शिवाय उन्मत्त राजांची उदाहरणे वाचून बहुतेक वाचक सुखावतात, कारण आपण राजे नाही.

याच आठवड्याच्या शेवटी आलेले मोशेचे पान मात्र अस्वस्थ करते. पृथ्वीवरील सर्व माणसांपेक्षा नम्र असे ज्याचे वर्णन 'गणना' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे, तोच मोशे विसाव्या अध्यायात खडकासमोर उभा राहून, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढावे काय, असे विचारतो. पाणी येते, लोक पितात, जनावरे पितात. तरीही आपल्याला पवित्र मानले नाही म्हणून देव मोशे आणि अहरोन यांना वचनदत्त देशात नेण्याचे नाकारतो. मोशेने खडकाशी बोलण्याऐवजी त्यावर काठी मारली यावर अनेकांनी भर दिला आहे, आणि तोही वाजवी आहे. वही मात्र त्या 'आम्ही' या शब्दाकडे बोट दाखवते. एखादे सेवाकार्य यशस्वी झाले म्हणजे ते करणाऱ्याची वृत्तीही देवाला मान्य होती असे आपण सहज धरून चालतो. इथे चमत्कार घडला आणि चमत्कार करणाऱ्याला शिक्षाही झाली. वर्षानुवर्षे सेवेत असलेल्या प्रत्येकाने हे पान वाचावे, कारण लीनता एकदा मिळवली की ती कायमची राहते या समजुतीला त्यात जागा उरत नाही.

आता वहीच्या मुख्य दोषाकडे वळतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा) यांचा येशूने सांगितलेला दाखला पाचव्या आठवड्यात ठेवला आहे. माझ्या मते तो पहिल्या आठवड्याच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. कारण या दाखल्यातील परूशी देवाला श्रेय देतच असतो. त्याच्या प्रार्थनेची सुरुवात 'हे देवा, मी तुझे आभार मानतो' अशी आहे. आपण लुटारू, अन्यायी किंवा व्यभिचारी नाही याबद्दल तो स्वतःची पाठ थोपटत नाही, निदान शब्दांत तरी नाही. तो देवाचे आभार मानतो. ओरांजच्या परिषदेलाही त्याच्या पहिल्या वाक्यात चूक सापडली नसती. तरीही नीतिमान ठरून घरी जातो तो दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार. श्रेय देवाला दिले की काम झाले, ही समजूत या एका दाखल्याने मोडून पडते, आणि वहीची पहिली चार आठवड्यांची रचना मात्र नेमकी त्या समजुतीवर उभी आहे. वाचक महिनाभर रोज 'हे देवाने केले' असे लिहीत जातो, त्याला त्याची सवय लागते, आणि मग पाचव्या आठवड्यात त्याला कळते की हे वाक्य परूशीही म्हणत होता. संकलकांनी हा धक्का हेतुपुरस्सर शेवटी ठेवला असेल तर तसे कुठेतरी सूचित करायला हवे होते. तसे काहीच दिसत नाही.

परूशाचे आभार कुठे बिघडतात, यावरचे वहीतील मननही अर्धवट आहे. त्याने तुलना केली, एवढेच ते सांगते. तुलना आहेच, पण त्याआधी आणखी एक गोष्ट आहे. परूशी ज्याबद्दल आभार मानतो ते सारे त्याच्यापाशी आधीच आहे. त्याला देवाकडून आता काहीही नको आहे. जकातदाराला दया हवी आहे. देवाला श्रेय देणारा माणूस पुढच्या क्षणासाठीही देवावरच अवलंबून आहे की मागचा हिशेब आभाराच्या पावतीने मिटवून मोकळा झाला आहे, हा फरक या दाखल्यात आहे, आणि वहीने तिथे आणखी दोन परिच्छेद खर्च करायला हवे होते.

चौथ्या आठवड्याला जोडलेले 'लीनतेच्या पायऱ्या' हे पान वाचून मला हसू आले, हे मान्य करतो. सहाव्या शतकातील बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी केलेल्या नियमांच्या सातव्या प्रकरणात लीनतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांची सुरुवात देवाचे भय सतत डोळ्यांपुढे ठेवण्यापासून होते आणि शेवट चालण्या-बसण्यातही लीनता दिसण्यात होतो. मधल्या पायऱ्यांत आज्ञापालन, निमूट सोसणे, वाईट विचारांची कबुली आणि जिभेवर ताबा येतो. या पायऱ्या वहीने नीट समजावल्या आहेत. परंतु प्रत्येक पायरीपुढे वाचकाने स्वतःला एक ते पाच गुण द्यावेत म्हणून चौकोन आखले आहेत. सातव्या पायरीत बेनेडिक्ट म्हणतो की, आपण सर्वांहून कनिष्ठ आहोत हे माणसाने केवळ तोंडाने न बोलता अंतःकरणातून मानावे. त्या पायरीपुढे स्वतःला पाचपैकी पाच गुण देणाऱ्याचे काय करावे, हे वही सांगत नाही. आमच्या गटात हे पान आम्ही चौकोन रिकामे ठेवून वाचले आणि चर्चा उत्तम झाली.

खोट्या लीनतेवरचा भाग मात्र चांगला आहे. कोणी गाण्याचे, शिकवण्याचे किंवा व्यवस्थेचे कौतुक केले की 'नाही, नाही, मी काहीच केले नाही' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वही विचारते की हे खरे आहे काय. पौल करिंथकरांना सांगतो की मी इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की ते मी केले नाहीत, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. दोन्ही विधाने एकाच वाक्यात आहेत आणि पौल दोहोंपैकी एकही सोडत नाही. कलस्सैकरांच्या पत्रात तर स्वतःहून पत्करलेल्या लीनतेचा उल्लेख सावधगिरीच्या सुरात येतो. तिला शहाणपणाचे रूप असते, पण देहाच्या लालसेपुढे तिचा उपयोग नसतो. कौतुक ऐकल्यावर साधेपणाने आभार मानावेत, काम खरोखर केले असेल तर ते नाकारू नये, आणि मग जे मिळाले होते ते कोणाकडून मिळाले हे आठवावे, असा जो व्यवहार्य सल्ला वही देते तो मंडळीतील तरुण गायक-वादकांना विशेष उपयोगी पडेल.

उजव्या पानावरील प्रश्नांबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. जवळजवळ प्रत्येक दिवसाचा प्रश्न एकाच साच्यातला आहे: आज देवाने तुमच्याद्वारे काय केले? कर्ता देव आहे, हे ठीक. परंतु प्रकाश मात्र पुन्हा 'तुमच्याद्वारे' या शब्दावरच पडतो. रोज हा प्रश्न सोडवणारा माणूस स्वतःच्या दिवसभराच्या कामगिरीची यादी करतो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी देवाचे नाव जोडतो. त्याऐवजी देवाने आज तुम्हाला कोणाच्या हातून काय दिले, असे विचारले असते तर सारे चित्र बदलले असते. पौल आणि त्याच्यामागून आलेला शिक्षक अपुल्लोस यांच्यावरून भांडणाऱ्या करिंथकरांना पौल सांगतो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने केली. तिथे देवाला श्रेय देताना अपुल्लोसाचे नाव गळलेले नाही. नामानाची गोष्ट याहून बोलकी आहे. अरामच्या सेनापतीला कोड होते. बरे होण्याचा मार्ग त्याला प्रथम सांगितला तो पकडून आणलेल्या एका लहान इस्राएली मुलीने, आणि यार्देनेत बुडी मारायला त्याचे मन वळवले ते त्याच्या नोकरांनी. शेवटी नामान इस्राएलाच्या देवाची ग्वाही देतो. त्या मुलीचे नावही आपल्याला ठाऊक नाही. ही गोष्ट वहीत नाही आणि तिची उणीव जाणवते.

माणसांची नावे गळण्याची हीच उणीव बंगालमध्ये काम केलेला इंग्रज मिशनरी विल्यम केरी याच्यावरच्या पानात दिसते. केरी (1761–1834) मृत्यूशय्येवर असताना भेटीला आलेल्या एका तरुण मिशनऱ्याला म्हणाला की, तुम्ही डॉ. केरीबद्दल बोलत होता, मी गेल्यावर डॉ. केरीच्या तारणाऱ्याबद्दल बोला, अशी आठवण सांगितली जाते. त्याच्या इच्छेनुसार थडग्यावरही आपल्या दीनतेची कबुली देणारी एका जुन्या गीताची ओळ कोरली आहे. वहीने हे सारे दिले आहे आणि ते हृद्य आहे. पण मराठी वाचकासाठीच्या वहीत एवढ्यावर थांबणे योग्य नव्हते. बंगालमधील श्रीरामपूरहून 1811 साली मराठी नवा करार छापून निघाला, त्यामागे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठी पंडित वैजनाथ यांचे साह्य होते, आणि केरीने आपल्या मराठी भाषाविषयक कामात त्यांचे ऋण मान्य केले आहे. माणसांचे ऋण मान्य करणारा केरी आणि तारणाऱ्याबद्दलच बोला म्हणणारा केरी हे दोघे एकच आहेत. देवाच्या गौरवाच्या नावाखाली सहकाऱ्याचे नाव गाळणे ही लीनता नव्हे; अनेकदा ती स्वतःची सोय असते.

अपयश आणि दुःख यांच्याबाबतीत वही घाईने पुढे जाते. परीक्षेत यश, आजारातून सुटका, नोकरी, प्रवासातील रक्षण, यांचे श्रेय देवाला देण्याची उदाहरणे भरपूर आहेत. ज्याची प्रार्थना त्या रीतीने ऐकली गेली नाही त्याने उजव्या पानावर काय लिहावे? सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील एक वचन दिले आहे आणि लगेच पुढचा दिवस सुरू होतो. पौलाच्या शरीरातील काट्याला इथे जागा हवी होती, कारण तो लीनतेच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. प्रकटीकरणांच्या विपुलतेमुळे आपण चढून जाऊ नये म्हणून तो काटा दिला गेला असे पौल स्वतः सांगतो; तीनदा विनंती करूनही तो निघत नाही, आणि उत्तर मिळते ते एवढेच की माझी कृपा तुला पुरेशी आहे. न मिळालेल्या गोष्टीतही देव काही करीत असतो हे सांगणारे इतके स्पष्ट वचन हाताशी असताना ते वगळले जाणे समजण्यासारखे नाही.

साक्ष लिहिण्याच्या पानांवर तीन भाग आखले आहेत: पूर्वीचे जीवन, बदल आणि आताचे जीवन. साचा परिचित आहे आणि नवख्या माणसाला बोलते करण्यास तो मदतही करतो. पण पहिल्या भागाला सर्वाधिक ओळी दिल्या आहेत, आणि पूर्वीची पापे जितकी रंगवून सांगावीत तितका बदल मोठा दिसतो, या मोहाला त्यामुळे मोकळे रान मिळते. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकटाच परत आलेला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा माणूस, येशूच्या पायांशी पालथा पडून मोठ्याने देवाचे गौरव करतो. आपल्या आजाराचे वर्णन तो करीत नाही. या पानांवर मधल्या भागाला सर्वाधिक जागा मिळावी, अशी माझी सूचना आहे.

छपाई स्वच्छ आहे, अक्षर मोठे आहे आणि पाने सपाट उघडी राहतात, त्यामुळे लिहिताना त्रास होत नाही. कागद पातळ असल्याने शाईचे पेन मागे उमटते, बॉलपेन वापरावे. भाषा प्रमाण आणि सोपी आहे. काही ठिकाणी वचनांचे क्रमांक चुकले आहेत, तेव्हा बायबल शेजारी उघडे ठेवूनच वाचावे, आणि तसे वाचणे एरवीही हिताचेच आहे.

एकट्याने वापरण्यापेक्षा चार-सहा जणांच्या गटासाठी ही वही अधिक उपयुक्त आहे, कारण गटचर्चेची पाने दैनंदिन प्रश्नांपेक्षा सरस आहेत आणि प्रश्नांच्या साच्यातील उणीव बोलण्यातून भरून निघते. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना पहिला आठवडा अवश्य द्यावा. सेवेत मुरलेल्यांनी मोशेच्या पानापासून सुरुवात केली तरी चालेल. गट चालवणाऱ्यांनी परूशी आणि जकातदार यांचा दाखला पहिल्याच बैठकीत घ्यावा, गुणांचे चौकोन सोडून द्यावेत, आणि रोजच्या प्रश्नावर रेघ मारून त्याखाली 'आज मला कोणाच्या हातून काय मिळाले' असे लिहून घ्यायला सांगावे. आमच्या गटाने तिसऱ्या आठवड्यापासून तसे केले, आणि तेव्हापासून उजव्या पानांवर आईवडिलांची, शेजाऱ्यांची, परिचारिकांची, एकदा तर न पटणाऱ्या वरिष्ठांचीही नावे येऊ लागली. पुढच्या आवृत्तीत संकलकांनी प्रश्न बदलले, नामानाची गोष्ट आणि पौलाचा काटा यांना एकेक दिवस दिला, तर ही वही मी दुसऱ्या गटाबरोबर पुन्हा घेईन.